प्लॉट ३० × ४०, पण कर्ण ५० येत नाही

रानजाई

नमस्कार मंडळी. धागा गणितात टाकावा की घरबांधणीत हे कळेना. चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

साताऱ्याच्या बाजूला आमचा एक छोटा एन.ए. प्लॉट आहे, चार वर्षांपूर्वी घेतलेला. कागदावर ३० × ४०, म्हणजे १२०० चौरस फूट. आता जोत्यापर्यंतचं काम काढायचं ठरलंय. गेल्या रविवारी मिस्त्री आले. गवत बाजूला सारून चारी कोपऱ्यांचे दगड शोधले आणि टेप धरली. रस्त्याकडची बाजू ३०, मागची ३०, डावी ४०, उजवी ४०. अगदी इंचाला इंच. मी मनातल्या मनात चहा टाकायला निघाले होते.

तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "वहिनी, टेप जरा तिरकी धरा." मी या कोपऱ्यात, ते समोरच्या. आले ५० फूट १० इंच. मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत धरली तर ४९ फूट २ इंच. त्यांनी टेप गुंडाळली आणि एवढंच म्हणाले, "पलाट गुण्यात नाय." (गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं अवजार. थोडक्यात, प्लॉट काटकोनात नाही.)

सासरे म्हणतात, चारी बाजू बरोबर आहेत तर तिरकं मोजायचंच कशाला. नवरा म्हणतो, टेप ढिली धरली असेल. मी बँकेत नोकरी करते, आकड्यांशी रोजचा संबंध आहे, पण भूमितीशी दहावीनंतर बोलणं नाही. ३, ४, ५ आठवतं. तीस, चाळीस म्हणजे पन्नास यायला हवे होते, हेही कळतं. पण १० इंच जास्त आणि १० इंच कमी याचा अर्थ काय? आम्ही फसलो का? आणि आता घर आखायचं कसं?

---

ओळंबा

ताई, आधी टेपबद्दल सांगा. स्टीलची होती की कापडी (म्हणजे ती पिवळी फायबरची)? फायबरची ओढली की ताणते. आणि जमीन सपाट आहे का? ५० फुटांत दोन फूट उतार असेल आणि टेप जमिनीलगत धरली, तर ५० च्या जागी ५० फूट अर्धा इंच दिसेल. तोही पायथागोरसच, फक्त उभा.

---

रानजाई

टेप स्टीलची होती, मिस्त्रींची स्वतःची. जमीन बऱ्यापैकी सपाट, एका बाजूला वीतभर खोल असेल नसेल.

---

ओळंबा

मग टेपला दोष देऊ नका. तुमच्याच आकड्यांतून ते तपासता येतं.

समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या की तो समांतरभुज चौकोन. त्यात दोन्ही कर्णांच्या वर्गांची बेरीज ही चारी बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतकीच येते, चौकोन कितीही कलला तरी. तुमच्या बाजूंची बेरीज: ९०० + १६०० + ९०० + १६०० = ५०००. कर्णांची: ५० फूट १० इंचांचा वर्ग सुमारे २५८४, ४९ फूट २ इंचांचा सुमारे २४१७. बेरीज ५००१. शेताच्या धुऱ्यावर उभं राहून घेतलेल्या मापात याहून चांगला मेळ बसत नाही. मापं खरी आहेत, प्लॉटच कललाय.

किती? एका कोपऱ्यात २५०० च्या जागी २५८४ आले. ८४ जास्त. त्याला २ × ३० × ४० = २४०० ने भागा, ०.०३५ येतं. तेवढी कोज्या (कोसाइन) ८८ अंशांची, पण वर्ग जास्त आलाय म्हणून हा कोन ९२ अंशांचा. त्याच्या शेजारचा ८८. दोन अंशांचा फरक डोळ्याला दिसत नाही. टेपला दिसतो, तोही तिरकी धरली तरच.

---

खडूफळा

> तिरकं मोजायचंच कशाला

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, कारण हाच प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतं आणि तो चांगला प्रश्न आहे.

त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला. मग तो हलत नाही. चौकोनाचं तसं नाही. चार काड्या टाचण्यांनी जोडा आणि एका बाजूने दाबा, बाजू तेवढ्याच राहतात आणि चौकोन लोळतो. बाजेची दावण सैल झाली की बाज तिरपी होते, लाकूड काही आखूड होत नाही. म्हणून चार बाजू मोजून कोन कळत नाही. कर्ण मोजला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि मगच कोपरा बोलायला लागतो.

आता एक गोष्ट, जिच्यावरून मी मुलांचे गुण कापतो. मिस्त्रींनी जे वापरलं ते पायथागोरसचं प्रमेय नव्हे. त्याचा व्यत्यास. प्रमेय म्हणतं: काटकोन आहे, तर कर्णाचा वर्ग हा इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका. व्यत्यास म्हणतो: एका बाजूचा वर्ग इतर दोहोंच्या वर्गांच्या बेरजेइतका आहे, तर तिच्या समोरचा कोन काटकोन. पहिल्यात कोन हातात असतो आणि बाजू शोधतो. दुसऱ्यात बाजू हातात असतात आणि कोन शोधतो. युक्लिडने आपल्या 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकात प्रमेय ४७ वं ठेवलं आणि व्यत्यास ४८ वा, आणि तिथे ते पुस्तक संपवलं. दोन वेगळी विधानं, दोन वेगळ्या सिद्धता.

"पाऊस पडला तर अंगण ओलं" यावरून "अंगण ओलं, म्हणजे पाऊस पडला" असं होत नाही, सडाही घातलेला असू शकतो. इथे मात्र उलटं विधानही खरं ठरतं, आणि ते का, हे दोन ओळींत मावतं. समजा त्रिकोणाच्या बाजू अ, ब, क आहेत आणि अ² + ब² = क² आहे. बाजूला एक नवा त्रिकोण काढा, ज्यात अ आणि ब यांच्यामध्ये मुद्दाम काटकोन ठेवलाय. प्रमेयानुसार त्याचा कर्ण क येणार. दोन्ही त्रिकोणांच्या तिन्ही बाजू सारख्या, बाबाबा कसोटीने ते एकरूप. नव्यात काटकोन आहे, म्हणून जुन्यातही आहे. झालं.

---

निरागस_शंका

ओळंबा, ८४ ला २४०० ने भागलं ते डोक्यावरून गेलं पण विश्वास ठेवतो. मूळ प्रश्न राहिला की. ताईंना जमीन कमी मिळाली का?

---

रानजाई

हो, तेच. सासरे आता "तरी मी म्हणत होतो" या टप्प्यावर आलेत, मघाशी काय म्हणत होते ते विसरून.

---

ओळंबा

क्षेत्रफळ १२०० च्या जागी ११९९.३. पाऊण चौरस फूटसुद्धा गेलेलं नाही, एका पाटाएवढी जागा म्हणा. म्हणून "१२०० विकले, कमी दिले" असं म्हणायला जागा नाही.

तोटा दुसरीकडे आहे. रस्त्याकडची बाजू सरळ धरली, तर मागची बाजू साधारण १ फूट ५ इंचांनी एका अंगाला सरकलीय. तुम्हाला घर काटकोनातच बांधायचंय, कलतं नाही. या प्लॉटमध्ये पुढून मागेपर्यंत बसणारा सगळ्यात रुंद आयत २८ फूट ७ इंचांचा. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून सुमारे ५६ चौरस फुटांच्या दोन पाचरी उरतात. त्या तुमच्याच आहेत, पण त्यांच्यावर भिंत सरळ चढत नाही. तिथे तुळस लावा, अडुळसा लावा.

आणि हो, दगड हलले आहेत का तेही बघायला हवं. चार वर्षांत नांगर लागतो, जेसीबी लागतो. मात्र दोन दगड नेमके सारख्याच अंतराने आणि एकाच दिशेने हलणं अवघड. माझा अंदाज, रस्ताच तिरका असणार आणि ले-आउट पाडताना रस्त्यालगतची रेघ धरली असणार. शेजारच्या दोन प्लॉटचे कर्ण घेऊन बघा. मोजणीचा नकाशा, म्हणजे क प्रत, काढली असेल तर त्याच्याशी ताडा.

---

सुतावरून_स्वर्ग

फर्निचरवाला बोलतो. (आयडी धंद्यावरूनच घेतलाय. १ इंच = ८ सूत, आमचं सगळं आयुष्य त्या आठ सुतांत.)

लोक म्हणतात ना, ३-४-५ केलं की कोपरा काटकोनात. बरोबर. पण केवढा ३-४-५? यावर कोणी बोलत नाही आणि सगळी वाट तिथे लागते.

३ फूट, ४ फूट, ५ फूट धरलंत आणि पाच फुटांच्या मापात फक्त एक सूत चुकलं, तर कोपऱ्यात पाव अंश फरक पडतो. पाव अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं. तीच रेघ पुढे ४० फूट न्या, टोकाला २ इंच बाहेर. आता त्याच ठिकाणी ३०-४०-५० धरा आणि तेवढंच एक सूत चुका. ४० फुटांच्या टोकाला फरक दीड-दोन सूत. पेन्सिलीची जाडी आणि दोरीचा झोल त्याहून जास्त असतो.

म्हणून त्रिकोण जेवढा मोठा मावेल तेवढा मोठा धरायचा. ६-८-१० बरा, १२-१६-२० त्याहून बरा. आमच्याकडे एक कारागीर होता, हातभर लांबीचा लोखंडी गुण्या घेऊन अख्ख्या हॉलचं पार्टिशन आखायचा आणि मग दरवाजा का घासतो म्हणून मलाच विचारायचा.

गुण्या तरी खरा असतो का, हाही प्रश्नच. पडला की गेला. तपासायचं सोपं आहे: सरळ कडेला टेकवून रेघ ओढा, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा ओढा. दोन रेघा एकावर एक बसल्या तर खरा. फाकल्या तर जेवढं फाकलं त्याच्या निम्मा दोष गुण्याचा.

---

पोथीवाला

चर्चा दोरी-खुंटीवर आलीच आहे तर दोन पैसे माझे.

शुल्ब म्हणजेच दोरी. यज्ञाची वेदी आखायची तर पंचांगाइतकीच दोरी महत्त्वाची. बौधायनाच्या शुल्बसूत्रात (वेदी आखण्याच्या नियमांच्या ग्रंथात) आयताच्या कर्णाचं विधान तर आहेच, पण त्याला लागूनच ते कुठे कुठे दिसतं याची यादी आहे: ३ आणि ४, १२ आणि ५, १५ आणि ८, ७ आणि २४, १२ आणि ३५, १५ आणि ३६. करून बघा, कर्ण ५, १३, १७, २५, ३७, ३९ असे सगळे पूर्ण येतात. हा काळ साधारण ख्रिस्तपूर्व ८०० ते ५०० च्या दरम्यानचा धरतात.

मला जास्त आवडते ती आपस्तंबाची (हाही एक शुल्बसूत्रकारच) महावेदी, म्हणजे यज्ञाची मोठी वेदी. पूर्व-पश्चिम मधली रेघ ३६ पदांची. पश्चिमेची बाजू ३०, पूर्वेची २४. आता काटकोन कसा काढायचा? ३६ च्या दोरीत १८ मिळवायचे, दोरी ५४ ची झाली. पश्चिम टोकापासून १५ वर खूण. दोरीची दोन टोकं मधल्या रेघेच्या दोन खुंट्यांना बांधायची आणि खुणेला धरून दोरी बाजूला ओढायची. दोन्हीकडून ताठ झाली की १५, ३६ आणि ३९ चा त्रिकोण तयार. पश्चिमेच्या खुंटीपाशी काटकोन. त्या खुणेपाशी वेदीचा एक कोपरा, दुसरीकडे ओढली की दुसरा. मग दोरी उलटी बांधून पूर्वेकडे तेच, फक्त खुंटी १५ ऐवजी १२ च्या खुणेवर.

हे करताना कोन कोणी मोजत नाही. तीन लांब्या जुळवल्या की कोन आपोआप येतो. खडूफळा सरांच्या भाषेत, आपस्तंब व्यत्यास वापरतोय.

---

दीडशहाणी

म्हणजे पायथागोरसने आपल्याकडून ढापलं तर! नाव बदला आता प्रमेयाचं.

---

पोथीवाला

असं मी म्हटलेलं नाही हो. बौधायनाच्याही हजारेक वर्षं आधी बाबिलोनी लोकांनी मातीच्या पाटीवर अशी त्रिकुटं कोरली आहेत. ती प्लिम्टन ३२२ नावाची पाटी आता कोलंबिया विद्यापीठात आहे. तीत एक जोडी १२७०९ आणि १८५४१ अशी आहे, तिसरी बाजू १३५००. तोंडी करून दाखवा. आणि १८९४ साली सिप्पार इथे सापडलेली आणखी एक पाटी आहे, इस्तंबूलच्या संग्रहालयात. ती तर चक्क जमिनीच्या वाटणीची. शेताच्या हद्दी काटकोनात आखायला असे त्रिकोण वापरलेत असं २०२१ मध्ये त्यावर काम करणाऱ्या गणितज्ञाने मांडलं. म्हणजे रानजाई ताईंचं दुखणं जवळपास चार हजार वर्षं जुनं आहे.

---

तळ्यात_मळ्यात

मी ओहायोत असते. गेल्या उन्हाळ्यात मागच्या दारी लाकडी डेक बांधला, तिथला सुतारही कोपऱ्यात टेप धरून "थ्री फोर फाइव्ह"च म्हणत होता. अगदी घरच्यासारखं वाटलं. इजिप्तमध्ये तेरा गाठींची दोरी वापरून पिरॅमिड असेच आखले ना?

---

पोथीवाला

ही गोष्ट सगळीकडे छापलेली असते, पण तिला पुरावा नाही. दोरी ताणून जमीन आखणारे लोक इजिप्तमध्ये होते, हे खरं. त्यांनी ३-४-५ ची दोरी वापरली हा मोरिट्झ कँटर या जर्मन इतिहासकाराने १९व्या शतकात केलेला तर्क. पुढच्यांनी त्यातला "कदाचित" गाळला आणि चित्रं काढली.

---

निरागस_शंका

इतक्या भानगडी कशाला? दोन्ही कर्ण सारखे आले की आयत. आमच्या सोसायटीत बॅडमिंटनचं कोर्ट आम्ही असंच आखलं.

---

ओळंबा

थांबा. समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत हे आधी मोजलंत, आणि मग कर्ण सारखे आले, तर आयत. नुसते कर्ण सारखे असणं पुरत नाही.

पोथीवाल्यांची महावेदीच घ्या. एकीकडे ३०, दुसरीकडे २४, म्हणजे आयत नाहीच. पण तिचे कर्ण काढा. आडवं अंतर १५ + १२ = २७, उभं ३६. वर्ग ७२९ आणि १२९६, बेरीज २०२५, कर्ण ४५. दोन्हीकडे ४५ च. कर्णांवर विसंबलात तर महावेदीला आयत म्हणून पास कराल.

---

पोथीवाला

२७-३६-४५! म्हणजे ३-४-५ ची नऊ पट, त्याच वेदीत लपलेली. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. घ्या, तुम्हीच पोथी सांभाळा आता.

---

निरागस_शंका

बरं, बाजू मोजल्या होत्या, इतकाही गाढव नाही. कर्णाचं माप मात्र घेतलं नव्हतं.

---

ओळंबा

ते तर नियमातच दिलेलं असतं. पूर्ण कोर्ट १३.४० × ६.१० मीटर, कर्ण १४.७२३. मिलिमीटरपर्यंत. कबड्डीचं १३ × १० धरलं तर १६.४० येतो. मैदान आखणाऱ्या मुलांना हा एक आकडा आधीच चिठ्ठीवर लिहून द्यावा, फक्कीचं अर्धं पोतं वाचतं.

---

चिंचेचा_पार

माझा मुलगा दहावीला. हा धागा त्याला वाचायला दिला, त्याने महावेदीपर्यंत वाचला आणि जेवायला गेला. खडूफळा सर, परीक्षेत "काटकोन त्रिकोण आहे का ते ठरवा" यात मुलं नेमकी कुठे चुकतात ते सांगा ना.

---

खडूफळा

तीन जागा.

पहिली, सगळ्यात मोठी बाजू न ओळखता दिलेल्या क्रमाने वर्ग करायचे. ६१, ११, ६० असं दिलं की ६१² + ११² काढतात, ६०² शी जुळत नाही, "काटकोन नाही" लिहून मोकळे. मोठी बाजू ६१. ११² + ६०² = १२१ + ३६०० = ३७२१, आणि ६१² सुद्धा ३७२१. काटकोन आहे.

दुसरी जास्त वाईट. "त्रिकोण काटकोन आहे, म्हणून पायथागोरसच्या प्रमेयानुसार..." अशी सुरुवात. अरे, जे ठरवायचंय तेच गृहीत धरलंस! आधी मोठ्या बाजूचा वर्ग वेगळा काढ, इतर दोहोंची बेरीज वेगळी काढ, दोन्ही समोरासमोर ठेव, आणि शेवटी "पायथागोरसच्या प्रमेयाच्या व्यत्यासानुसार" हे शब्द लिही. त्या "व्यत्यास" शब्दालाच किंमत आहे.

तिसरी, पूर्ण संख्या नसल्या की काटकोन नाही असं वाटणं. बाजू √३, √५, √८ असतील तर? ३ + ५ = ८. आहे की काटकोन. त्रिकुटं पाठ करणं बरं, पण त्रिकूट ही सोय आहे, अट नाही. १० × १२ च्या खोलीचा कर्ण १५ फूट साडेसात इंचांच्या जवळपास येतो, पूर्ण फूट येत नाही. म्हणून काय ती खोली वाकडी झाली?

जुळलं नाही तर पुढचंही सांगता येतं. मोठ्या बाजूचा वर्ग बेरजेपेक्षा कमी, तर तिच्या समोरचा कोन लघुकोन. जास्त, तर विशालकोन. ११, १२, १५ मध्ये बेरीज २६५ आणि १५² = २२५, म्हणून लघुकोन. ४, ९, १० मध्ये बेरीज ९७ आणि १००, म्हणून विशालकोन. ताईंच्या प्लॉटचंही तेच झालं. २५८४ आले तो कोपरा फाकलेला, २४१७ आले तो मिटलेला.

आणि त्याआधी हेही बघावं की दिलेल्या लांब्यांचा त्रिकोण होतो तरी का! भास्कराचार्यांनी लीलावतीत ३, ६, ९ बाजूंचा त्रिकोण मुद्दाम दिलाय आणि म्हटलंय की असलं क्षेत्र कोणी धिटाईने सांगितलं, तरी ते "अक्षेत्र" आहे, म्हणजे अशी आकृतीच होत नाही. ३ आणि ६ मिळून ९ च होतात, टोकं जुळली तर एक सपाट रेघ उरते.

---

कन्नडचा_घाट

भास्कराचार्यांचं नाव निघालं म्हणून आत्ता लॉगिन केलं. आमच्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला, पाटणादेवीच्या परिसरात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने कोरलेला शिलालेख सापडलाय. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा उल्लेख त्यात आहे. लीलावतीतलं मोडलेल्या वेळूचं गणित आम्हाला शाळेत तिथल्या सहलीत घातलं होतं: ३२ हातांचा वेळू वाऱ्याने मोडला, टोक बुंध्यापासून १६ हातांवर टेकलं, तर किती उंचीवर मोडला? उत्तर देत नाही. चिंचेचा पार यांचा मुलगा जेवून आला की त्याला द्या.

---

चिंचेचा_पार

१२. मुलाने नाही, मी काढलं. १२ उभा, २० तिरपा, १६ जमिनीवर. पुन्हा ३-४-५, चौपट! चिंचेखाली बसून सोडवल्याचा आनंद वेगळा.

---

रानजाई

मंडळी, अपडेट.

शेजारच्या दोन्ही प्लॉटचे कर्ण घेतले. तेही तसेच, त्याच अंगाला कललेले, इंच-दोन इंचांचा फरक. ओळंबा यांचा अंदाज खरा, रस्ताच तिरका आहे. सासऱ्यांचा राग रस्त्याकडे वळलाय.

इंजिनिअरशी बोलून घर २१ × २८ चं ठरलं. आकडा त्यांनी सांगितला आणि मी जागेवरच म्हटलं, "कर्ण ३५." ते हसले. म्हणाले, तेवढ्यासाठीच असा घेतला.

काल लाईनआउट झालं. खुंट्या, नायलॉनची दोरी आणि दुधाच्या बरणीत फक्की. पुढची भिंत रस्त्याला समांतर धरली. चारी बाजू जुळवल्या आणि कर्ण घेतले तर एक ३५ फूट १ इंच, दुसरा ३४ फूट ११. मिस्त्री मागच्या दोन्ही खुंट्या अंदाजाने सरकवायला लागले: थोडं इकडे, परत मोजा, थोडं तिकडे, परत मोजा. मी आदल्या रात्री कागदावर मांडून ठेवलं होतं. दोन कर्णांतला फरक गुणिले त्यांची बेरीज, भागिले पुढच्या भिंतीची चौपट. २ इंच × ७० ÷ ८४, म्हणजे १ इंच आणि पाच सूत. म्हटलं, "मिस्त्री, दोन्ही खुंट्या लांब कर्णाकडून आत, एक इंच पाच सूत घ्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे. सासरे म्हणाले, "घ्या घ्या, बँकेत आहे ती."

घेतल्या. ३५ आणि ३५. दुसऱ्या कर्णाला अर्धं सूत कमी असेल, पण दोरीची गाठच तेवढी होती.

गंमत म्हणजे, प्लॉट कललेला आणि घर सरळ, त्यामुळे पुढे डावीकडे ४ फूट आणि उजवीकडे ५ फूट जागा सुटली, आणि मागे डावीकडे ५ आणि उजवीकडे ४. नवऱ्याला वाटतंय हे मुद्दाम केलंय.

---

ओळंबा

फरक × बेरीज ÷ चौपट. साईटवर २६ वर्षं काढली, खुंट्या अंदाजानेच सरकवल्या. हे आता डायरीत लिहून ठेवतो.

---

सुतावरून_स्वर्ग

गाठ खुंटीला बाहेरून मारा ताई. कॉलम भरताना अर्धं सूतही विचारतं.